साखर आणि कर्करोग : नाते किती खरे, किती कल्पित?

घरात कुणाला कर्करोग झाल्याचे निदान झाले, की औषधोपचारांच्या चर्चेबरोबरच आहाराविषयीच्या सल्ल्यांची रीघ लागते. त्यांत एक सल्ला हमखास असतो : साखर पूर्णपणे बंद करा, कारण साखर हेच कर्करोगाचे खाद्य आहे. मग साखरेपाठोपाठ भात सुटतो, फळे सुटतात, दूध सुटते आणि उपचारांनी आधीच अशक्त झालेला रुग्ण अधिकच खंगत जातो. दुसरीकडे, साखर हा केवळ मधुमेह्यांचा विषय आहे असे मानून अनेक निरोगी माणसे दिवसाकाठी चार-पाच कप गोड चहा आणि वर बाटलीबंद शीतपेय रिचवत असतात. पहिल्या समजुतीत भीती वाजवीपेक्षा अधिक आहे, दुसरीत वाजवीपेक्षा कमी. साखर आणि कर्करोग यांच्यात संबंध आहे. पण तो बहुतांशी आडवाटेने, म्हणजे वाढलेले वजन, इन्सुलिन आणि मधुमेह यांच्या मार्गाने जातो. ही वाट समजून घेतली, तर रुग्णाने काय करावे आणि निरोगी माणसाने काय टाळावे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सापडतात.

समजुतीचे मूळ : वारबुर्ग यांचे निरीक्षण

‘साखर हे कर्करोगाचे खाद्य’ ही समजूत अगदीच निराधार नाही. तिचे मूळ सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या एका शास्त्रीय निरीक्षणात आहे. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांना १९२० च्या दशकात असे आढळले, की कर्करोगाच्या पेशी सामान्य पेशींच्या तुलनेत ग्लुकोज फार मोठ्या प्रमाणावर ओढून घेतात आणि पुरेसा प्राणवायू उपलब्ध असतानाही त्याचे पूर्ण ज्वलन न करता त्यापासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. वारबुर्ग यांना पेशींच्या श्वसनावरील संशोधनासाठी १९३१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

ग्लुकोजच्या एका रेणूचे पूर्ण ज्वलन झाले तर पेशीला तीसच्या आसपास ऊर्जावाहक रेणू मिळतात. वरील अपुऱ्या मार्गाने केवळ २ मिळतात. मग कर्करोगपेशी हा तोट्याचा व्यवहार का पत्करते? कारण तिला ऊर्जेइतकीच कच्च्या मालाचीही निकड असते. झपाट्याने विभागणाऱ्या पेशीला नवी आवरणे, नवी प्रथिने आणि नवी जनुकद्रव्ये घडवायची असतात. ग्लुकोजच्या अर्धवट विघटनातून त्यासाठी लागणारे घटक हाती येतात. वारबुर्ग यांनी स्वतः मात्र श्वसनातील बिघाड हेच कर्करोगाचे मूळ कारण मानले होते. पुढील संशोधनाने ते मत टिकले नाही. कर्करोगाची सुरुवात जनुकांतील बदलांपासून होते आणि ग्लुकोजची वाढलेली भूक हा बहुधा त्या बदलांचा परिणाम असतो, असे आज मानले जाते.

याच भुकेचा उपयोग पेट स्कॅन तपासणीत केला जातो. फ्लोरिनचा किरणोत्सर्गी अणू जोडलेले ग्लुकोजसारखे द्रव्य शिरेतून दिले जाते. ज्या पेशी ते अधिक ओढून घेतात, त्या जागा चित्रात उजळून दिसतात. हे चित्र पाहून ‘साखर गाठीकडे धावते’ असा निष्कर्ष अनेक जण काढतात. परंतु त्याच चित्रात मेंदूही उजळलेला असतो आणि पुष्कळदा हृदयही, कारण त्यांनाही ग्लुकोज लागतेच. कोणती पेशी किती ग्लुकोज वापरते, एवढेच हे चित्र सांगते. ते ग्लुकोज चहातल्या साखरेतून आले, भाकरीतून आले की यकृताने तयार केले, हे त्यावरून कळत नाही.

साखर सोडली म्हणजे गाठ उपाशी राहते का?

नाही, आणि याचे कारण शरीराच्या रचनेतच आहे. निरोगी प्रौढ माणसाच्या सुमारे ५ लिटर रक्तात कोणत्याही क्षणी साधारण ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम चमचाभर ग्लुकोज असते. ही पातळी फार खाली गेली तर माणूस बेशुद्ध पडतो. एकटा मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो आणि रक्तातील तांबड्या पेशींना तर ग्लुकोजखेरीज दुसरे इंधनच चालत नाही. त्यामुळे आहारातून साखर मिळो वा न मिळो, रक्तातील ग्लुकोज ठरावीक मर्यादेत राखण्याची चोख व्यवस्था शरीराने केलेली आहे. भात, पोळी, पाव, बटाटा यांतील पिष्टमय पदार्थांचे पचनानंतर ग्लुकोजच होते. तेही बंद केले, तर यकृत आपला साठा मोकळा करते. साठा संपला, की स्नायूंतील प्रथिनांपासून आणि चरबीतील ग्लिसरॉलपासून नवे ग्लुकोज घडवते.

याचा अर्थ असा, की साखर तोडल्यावरही रक्तात ग्लुकोज वाहतच असते आणि गाठ त्यातला आपला वाटा घेतच राहते. झीज होते ती रुग्णाच्या स्नायूंची. शिवाय कर्करोगपेशी ग्लुकोजवरच अडून बसत नाहीत. ग्लुटामिनसारखी अमिनो आम्ले आणि मेदाम्ले यांवरही त्या निभावून नेतात. पिष्टमय पदार्थ जवळजवळ वर्ज्य करणाऱ्या कीटोजेनिक आहाराचे प्रयोग काही कर्करोगांत चालू आहेत. मात्र अशा आहाराने कर्करोग बरा होतो असे सिद्ध झालेले नाही आणि वैद्यकीय देखरेखीवाचून तो घेणे धोक्याचे आहे.

खरी वाट : वजन आणि इन्सुलिन

साखरेच्या प्रत्येक ग्रॅमातून ४ किलोकॅलरी मिळतात आणि त्यासोबत तंतू, प्रथिने, जीवनसत्त्वे असे काहीही येत नाही. गरजेपेक्षा अधिक ऊर्जा दीर्घकाळ घेतली, की तिची चरबी होते. इथून साखरेचा कर्करोगाशी असलेला संबंध सुरू होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन, अतिरिक्त चरबीमुळे १३ प्रकारच्या कर्करोगांचा धोका वाढतो, असा निष्कर्ष मांडला. त्यांत मोठे आतडे व गुदाशय, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, मूत्रपिंड, गर्भाशयाचे अस्तर, बीजांडकोश, थायरॉइड, जठराचा वरचा भाग, अन्ननलिकेचा एक प्रकार, मेंदूच्या आवरणातील गाठ, मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कर्करोग आणि पाळी थांबल्यानंतर होणारा स्तनाचा कर्करोग यांचा समावेश आहे.

चरबी हा शरीरातील निष्क्रिय साठा नव्हे. पाळी थांबलेल्या स्त्रियांच्या शरीरात इस्ट्रोजेन हे संप्रेरक प्रामुख्याने चरबीच्या पेशींतच तयार होते. अशा पेशी अधिक असल्या, की स्तन आणि गर्भाशयाच्या अस्तराला वाढीचे संदेश अधिक मिळतात. पोटाभोवतीच्या चरबीतून दाह निर्माण करणारी द्रव्ये सतत पाझरतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वजन वाढले, की शरीर इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाही आणि स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्सुलिन सोडावे लागते. इन्सुलिनचे काम केवळ साखर आवरण्याचे नाही. ते पेशींना ‘वाढा’ असा संदेशही देते. वर्षानुवर्षे रक्तात इन्सुलिन चढे राहिले, की बिघडलेल्या पेशींच्या वाढीला अनुकूल वातावरण तयार होते.

मधुमेह आणि कर्करोग यांचा संबंधही यातून उलगडतो. अमेरिकेतील मधुमेह संघटना आणि कर्करोग संस्था यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अहवालानुसार, टाइप २ मधुमेह असलेल्यांमध्ये यकृत, स्वादुपिंड आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका सुमारे दुप्पट किंवा त्याहून अधिक आढळतो. मोठे आतडे, स्तन आणि मूत्राशय यांच्या बाबतीतही तो काहीसा वाढलेला दिसतो. मधुमेह झाला म्हणजे कर्करोग होणारच, असे यातून निघत नाही. मात्र दोन्ही आजारांच्या मुळाशी काही समान कारणे आहेत, हे निश्चित.

गोड पेयांविषयीचे पुरावे

साखरेच्या सर्व रूपांत द्रवरूप साखर अधिक त्रासदायक ठरते. गोड पदार्थ खाल्ला तर थोडेफार पोट भरते. शीतपेयाने ते भरत नाही आणि पुढचे जेवण कमी होत नाही. साध्या कोला पेयाच्या ३३० मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे सात-आठ चमचे साखर असते.

फ्रान्समध्ये १ लाखाहून अधिक प्रौढांच्या आहाराची नोंद ठेवून केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. रोजच्या गोड पेयांत १०० मिलिलिटरची वाढ झाली, की एकंदर कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी आणि स्तनाच्या कर्करोगाचा २२ टक्क्यांनी अधिक दिसला. साखर न घातलेल्या निव्वळ फळांच्या रसाच्या बाबतीतही हा कल आढळला. अर्थात ही निरीक्षणात्मक पाहणी होती. दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. गोड पेये अधिक पिणाऱ्यांच्या इतर सवयीही वेगळ्या असू शकतात आणि त्यांचा प्रभाव हिशेबातून पूर्णपणे वगळता येत नाही.

त्याच वर्षी अमेरिकेतील संशोधकांनी आतड्यात गाठी होण्याची जनुकीय प्रवृत्ती असलेल्या उंदरांना, माणसाने रोज एक डबा शीतपेय पिण्याइतक्या प्रमाणात, फ्रुक्टोजयुक्त मक्याचा पाक दिला. हे उंदीर लठ्ठ झाले नाहीत. तरीही त्यांच्या गाठी अधिक वाढल्या. याचा अर्थ, वजनाखेरीज दुसरी एखादी थेट वाटही असू शकते. माणसाच्या बाबतीत ती अद्याप सिद्ध झालेली नाही. आपल्या नेहमीच्या साखरेतही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मे-निम्मे असते, हे येथे ध्यानात ठेवायला हवे.

या विषयावरील संशोधन मागे का राहिले, याचे एक कारण साखर उद्योगाच्या इतिहासातही आहे. १९६८ च्या सुमारास अमेरिकेतील साखर उद्योगाच्या प्रतिष्ठानाने ‘प्रकल्प २५९’ या नावाने उंदरांवरील एका अभ्यासाला निधी दिला. साखर खाणाऱ्या उंदरांच्या लघवीत, मूत्राशयाच्या कर्करोगाशी तेव्हा संबंध जोडले जाणारे एक विकर अधिक असल्याचे संकेत मिळू लागताच निधी थांबवण्यात आला आणि निष्कर्ष प्रसिद्ध झालेच नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी जुन्या कागदपत्रांतून २०१७ मध्ये ही हकिगत उजेडात आणली. त्या अपुऱ्या प्रयोगाने साखर कर्करोगकारक ठरत नाही. परंतु प्रश्न विचारणेच थांबवले गेले, ही बाब गंभीर आहे.

गोव्यासाठी हा विषय जवळचा का?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी मधुमेह पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले. गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक निघाले. दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक जण मधुमेही असलेल्या राज्यात, इन्सुलिन आणि वजन यांच्या मार्गाने येणाऱ्या कर्करोगांचा विचार आतापासूनच व्हायला हवा.

या आकड्याचा दोष एकट्या साखरेला देता येणार नाही. वय, अनुवंशिकता, कमी झालेले श्रम, पॉलिश केलेला तांदूळ आणि मैद्याचा पाव यांचाही त्यात वाटा असतो. सणासुदीच्या नेवऱ्या, पातोळ्या, दोदोल किंवा नाताळातील बेबिंका यांवर ठपका ठेवण्याचे कारण नाही. ते वर्षातून मोजक्या वेळा होणारे खाणे आहे. साखर साचते ती रोजच्या, लक्षात न येणाऱ्या सवयींतून : दिवसभरातील चहा, सोबतची बिस्किटे, मुलांच्या डब्यातील गोड पेये आणि उन्हाळ्यात उर्राकमध्ये मिसळले जाणारे लिंबाच्या चवीचे शीतपेय. या शेवटच्या जोडीत तर साखरेपेक्षा मद्य अधिक घातक आहे. मद्य हे माणसात कर्करोग घडवते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले असून ते तंबाखूच्याच वर्गात मोडते. साखर त्या वर्गात नाही. साखरेला घाबरणाऱ्याने तंबाखू आणि मद्य चालू ठेवणे, हे दार उघडे ठेवून खिडकी लावण्यासारखे आहे.

गूळ, मध आणि कृत्रिम गोडी

साखरेऐवजी गूळ वापरला की प्रश्न मिटला, असे अनेकांना वाटते. उसाच्या गुळातही मुख्य घटक साखरच असतो. त्यात काही खनिजे असतात. पण आपण खातो तेवढ्या प्रमाणात त्यांचा लाभ किरकोळ असतो. माडाचा गूळ, काकवी आणि मध यांनाही हेच लागू आहे. पूर्ण फळाची गोष्ट वेगळी. त्यातील तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश उतरते आणि पोटही भरते. रस काढला की हा फायदा बराचसा जातो.

कृत्रिम गोडी देणाऱ्या पदार्थांपैकी ॲस्पार्टेमला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जुलै २०२३ मध्ये ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवले. हा गट पुराव्याच्या मर्यादितपणाचा निदर्शक आहे. धोका किती मोठा, हे त्यावरून ठरत नाही. त्याच वेळी, शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंतचे सेवन स्वीकारार्ह असल्याची आधीची मर्यादा तज्ज्ञ समितीने कायम ठेवली. मात्र वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा पदार्थांवर विसंबू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी मे महिन्यात दिला आहे. गोडीची सवयच कमी करणे, हा सर्वांत सरळ उपाय.

रुग्णांनी काय ध्यानात ठेवावे?

नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी, साखर व पिष्टमय पदार्थ वर्ज्य करून आणि हळद, कडुनिंब यांच्या सेवनाने आपल्या पत्नीने चौथ्या टप्प्यातील कर्करोगावर मात केल्याचे सांगितले. त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया व केमोथेरपीही झाली होती. पण चर्चा झाली ती आहाराची. त्यानंतर टाटा स्मारक रुग्णालयाच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी संयुक्त निवेदन काढले. अशा दाव्यांना भक्कम पुरावा नाही, अप्रमाणित उपायांपायी उपचार लांबवू नयेत आणि लवकर निदान झालेला कर्करोग शस्त्रक्रिया, किरणोपचार व केमोथेरपी यांसारख्या सिद्ध उपचारांनी बरा होऊ शकतो, असे त्यांनी स्पष्ट केले. गोव्यातील अनेक रुग्ण बांबोळी आणि मुंबई अशा वाऱ्या करत उपचार घेत असतात. त्यांच्यासाठी हा इशारा महत्त्वाचा आहे. पथ्याच्या भरवशावर दोन-तीन महिने गेले, तर शस्त्रक्रियेने निघू शकली असती अशी गाठ हाताबाहेर जाऊ शकते.

उपचारांच्या काळात वजन घटणे आणि स्नायू झिजणे हा मोठा धोका असतो. अशक्त रुग्णाला औषधांची पूर्ण मात्रा सोसत नाही, जंतुसंसर्ग लवकर होतो आणि उपचारांत खंड पडतो. केमोथेरपीमुळे तोंडाला फोड येतात, चव बदलते, अन्नावरची वासना उडते. अशा वेळी पेज, मऊ भात, डाळ, नुस्ते, अंडी, दूध, दही, नाचणीची तिझण यांपैकी जे जाईल ते थोडे थोडे, पुन्हा पुन्हा द्यावे. चमचाभर गुळाने किंवा साखरेने दोन घास अधिक जात असतील, तर त्यात अपराध नाही. मधुमेह असलेल्या रुग्णांनी मात्र अधिक दक्ष राहावे. उपचारांत वापरल्या जाणाऱ्या काही स्टिरॉइड औषधांनी रक्तातील साखर चढते, तेव्हा आहार आणि औषधे या दोहोंचा मेळ डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्या सल्ल्यानेच घालावा.

निरोगी माणसासाठी मर्यादा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार, वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. ती ५ टक्क्यांखाली आणता आली तर अधिक उत्तम. दिवसाला २००० किलोकॅलरी घेणाऱ्यासाठी पहिली मर्यादा सुमारे ५० ग्रॅम, तर दुसरी २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे येते. दोन चमचे साखरेचे तीन कप चहा घेतले, की ही दुसरी मर्यादा संपते.

त्यासाठी काही साध्या गोष्टी पुरेशा आहेत. चहातील साखर दर पंधरवड्याला पाव चमच्याने कमी करावी. जिभेला ती सवय होते. तहानेसाठी पाणी, बिनसाखरेचे ताक किंवा शहाळे घ्यावे. पाकिटावरील घटकांची यादी वाचावी. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप ही साखरेचीच निराळी नावे असतात आणि जो घटक वजनाने अधिक, तो यादीत आधी येतो. मुलांना शीतपेयाची सवयच लावू नये. चाळिशीनंतर कंबरेचा घेर आणि रक्तातील साखर नियमित तपासावी.

आजारी माणसाच्या ताटातील घास भीतीपोटी काढून घेऊ नये आणि निरोगी माणसाने आपल्या कपातील साखर मोजायला विसरू नये. साखर आणि कर्करोग यांविषयी आजवर जे ठामपणे कळले आहे, त्याचे व्यवहारातले सार एवढेच आहे.